नऊ दिवसांचं वय

आमच्या घरात मागे जाण्याची हद्द चार नावांची होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा अंघोळ करून चुलीपुढे पाटावर बसायचे. निखारे पुढे ओढून त्यावर तूप सोडायचे आणि पुरणपोळी, खीर, आमरस असा मिळून एकेक घास त्या निखाऱ्यावर ठेवायचे. याला आमच्याकडे आगारी टाकणं म्हणतात. एका घासाला एक नाव. आधी आबांच्या वडिलांचं, मग आजोबांचं, मग पणजोबांचं आणि शेवटी ज्यांनी तापीकाठी येऊन आमच्या मळ्यातली पहिली विहीर खणली त्या खापरपणजोबांचं. तिथं नावं संपायची. मग आबा आणखी एक घास उचलायचे, "ज्यासनं नाव माहीत नही त्यासले," असं पुटपुटून तो टाकायचे आणि पाण्याचा हात फिरवून उठायचे. आम्ही पोरं आणि माय मागे भिंतीशी बसलेलो असू. बाहेर वैशाखाचं ऊन, आत धूर आणि पोटात भूक. पितर फार सावकाश जेवतात, असं मला लहानपणी वाटायचं आणि मी ते एकदा मोठ्याने बोलून पाठीत धपाटाही खाल्ला होता.

पुढे मागे जाण्याचाच धंदा माझ्या वाट्याला आला. चोपड्याकडच्या केळी पिकवणाऱ्या घरातली मुलगी जळगावला होस्टेलवर राहून एम. एस्सी. करते, तेही भौतिकशास्त्रात, हे ऐंशीच्या दशकात आमच्या भाऊबंदांच्या घशाखाली सहज उतरणारं नव्हतं. "पोरगीले काय अणुबाँब बनाडाना शे का?" असं एका काकांनी आबांना भर पारावर विचारलं होतं. आबा म्हणाले, "बनाडी तं बनाडी." आबा मुळात कमी बोलायचे आणि एकदा बोललेलं मागे घ्यायचे नाहीत. त्यांच्या या दुसऱ्या गुणामुळे माझं शिक्षण झालं. त्याच गुणाने आमच्या घरात काय केलं, तेच इथं लिहायचं आहे.

कॉलेजात एक सर होते. अभ्यासक्रमात नसलेलं शिकवायची त्यांना भारी हौस. शनिवारी दुपारी दहा-बाराजण थांबायचो, आणि ते फळ्यावर एक आडवी रेघ ओढून म्हणायचे, चला, मागे जाऊ. आज आकाशगंगा एकमेकींपासून लांब जाताहेत, म्हणजे काल त्या जवळ होत्या. परवा आणखी जवळ. असं मागे मागे जात राहिलं तर सगळं इतकं जवळ, इतकं दाट आणि इतकं तापलेलं होतं की त्याला वस्तू म्हणावं असं काही उरत नाही. मग ते पुन्हा पुढे यायचे. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियमची केंद्रकं तयार झाली. त्यानंतर तीन-चार लाख वर्षं नुसतं तापलेलं धुकं, ज्यातून उजेडालाही बाहेर वाट नव्हती. मग विश्व निवत गेलं, धुकं विरलं, उजेड मोकळा सुटला. पुढे केव्हातरी पहिले तारे पेटले, आणि आपल्या हाडांतला चुना, रक्तातलं लोखंड ताऱ्यांच्या पोटात शिजलं. विश्वाचं वय नक्की किती, यावर त्या वेळची पुस्तकं हजार ते दोन हजार कोटी वर्षांच्या मध्ये कुठंतरी हात हलवून मोकळी व्हायची. आम्हाला त्याचंही काही वाटत नव्हतं. मला तर ते सगळं चढलं होतं. पेल्यातल्या पाण्याकडे बघितलं तरी, यातला हायड्रोजन त्या पहिल्या मिनिटांतला आहे, असं मनात यायचं आणि तहान लागली नसली तरी मी ते पाणी पिऊन टाकायची.

नवी नवी विद्या आणि ऐकायला कुणी नाही, अशी अवस्था फार वाईट. दुसऱ्या वर्षीच्या आखाजीला मी घरी आले ती ही सगळी पोतडी घेऊनच. आबा आणि धाकटा भाऊ मळ्यात, त्यामुळे सापडली माय. परसात तिने तीन दगडांवर खापर पालथं घातलं होतं आणि मांडे करत होती. आमच्याकडची पुरणपोळी पोळपाटावर लाटत नाहीत. भिजवलेली सैल कणीक, पोटात पुरण, आणि तो गोळा दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर असा फिरवत मोठा करतात की बघता बघता तो कोपरापर्यंत पसरतो. मी तिच्या समोर केळ सोलत बसले आणि सुरू झाले.

"माय, हाई जे तू करी ऱ्हायनी ना, असंच व्हयनं जग," मी म्हणाले. जळगावात माझी बोली अर्धी शहरी झाली होती, पण मायपुढे ती आपोआप जुनी व्हायची. मांड्यावर दोन ठिकाणी वेलदोड्याचे दाणे दिसत होते. मी म्हटलं, ते बघ, आता ते लांब लांब जाताहेत. ते स्वतः चालत नाहीत, कणीकच ताणली जातेय. आकाशही असंच ताणलं जातं.

माय हसली. तिने मांडा अलगद खापरावर पसरला. "इतलं कोनी दखं?"

"दखं कोनीच नही. हिशोब करीसन काढं."

"मंग पहिले बठ्ठं एकजागे व्हतं?"

"व्हतं."

"तू, मी, हाई खापर?"

"बठ्ठं. सगळंच."

तिने दुसरा गोळा घेतला नाही. हाताला लागलेली कणीक काढत बसली. मग अगदी साधेपणाने, विळी कुठं ठेवली असं विचारावं तसं तिने विचारलं, "आन मरी गयं ते?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण बाविसाव्या वर्षी गप्प बसण्याची कला अंगात नसते. मी हातातलं केळ वर धरलं आणि म्हणाले की काहीच नाहीसं होत नाही. मेलेलं मातीत जातं, मातीतून झाडात येतं, झाडातून आपल्या पोटात. हे केळ आहे ना, यात कोण कोण असेल सांगता येत नाही. आणि मी हसत हसत ते केळ खाल्लं.

"मळामा पुरेल बी?" मळ्यात पुरलेलंही त्यात येतं का, असं मायने विचारलं.

"ते बी."

खापरावरचा मांडा करपला. मायच्या हातचा मांडा करपलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तिने तो काढला नाही, जळू दिला. मग म्हणाली, "तुना आगोदर एक व्हती."

मला माहीत नव्हतं. घरात कुणीच कधी बोललं नव्हतं. मी थोरली, असं मी बावीस वर्षं धरून चालले होते. माझ्या आधी दोन वर्षं, थंडीत, मायला मुलगी झाली होती. सटी पुजली गेली होती. बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं होतं, गूळ-खोबरंही आणून ठेवलं होतं. नवव्या दिवशी सकाळी ती दूध ओढेना आणि दुपारपर्यंत गेली. आबांनी तिला गोधडीत गुंडाळून मळ्यात नेलं आणि उत्तरेच्या बांधाला पुरलं. एवढ्या लहानग्यांना आमच्याकडे जाळत नाहीत. मायला बाळंतिणीच्या खोलीतून उठू दिलं नाही. ती जागा तिने कितीतरी दिवसांनी, चालता यायला लागल्यावर पाहिली. पुढे बांध सरकवला, जमीन सारखी केली, आणि आता त्या जागेवर केळीची ओळ होती.

"सटी पुजाई गयी व्हती," माय दोनदा म्हणाली. "बारसं ऱ्हाई गयं."

 माझ्या हातात सालपट होतं, ते टाकायचं कुठं ते कळेना. त्या दिवसापासून मायने केळ तोंडात घातलं नाही. केळीच्या बागाइतदाराच्या बायकोने! काशी करून आलेली माणसं आवडीचं एखादं फळ सोडतात, तशी हिने काशी न करताच केळी सोडली, अशी गावात चेष्टा झाली. कुणाला वाटलं माझ्या लग्नासाठी नवस बोललीय. खरं कारण ठाऊक होतं ते मला, आणि मला ते कुणाला सांगायची लाज वाटत होती.

आणखी एक गोष्ट मायने त्या दिवशी सांगितली. मुलगी गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला तिने आबांना विचारलं होतं की तिलाही एक घास टाकाल का. आबा नाही म्हणाले होते. मग बावीस-तेवीस वर्षं ती पुन्हा बोलली नव्हती. दरवर्षी भिंतीशी बसून चार नावं ऐकायची आणि उठून ताटं वाढायची. तिला दुसरं काही नको होतं. त्या चुलीपुढे, सगळ्यांच्या देखत, त्या पोरीचा एक घास पडावा, एवढंच.

माझ्या व्याख्यानाचा परिणाम म्हणा, दुसऱ्या दिवशी ऐन आखाजीला, भाऊ मळ्यातून यायच्या आधीच आबा पाटावर बसत असताना, माय भिंतीशी बसण्याऐवजी उभीच राहिली. "आवंदा तिले बी एक घास टाका," ती म्हणाली.

"कोनले?" आबांनी मान वर न करता विचारलं. त्यांना बरोबर समजलं होतं.

"तुमले माहीत शे."

आबांनी तुपाची वाटी खाली ठेवली. रागाने नाही, अगदी गणित समजावून सांगावं तसं ते म्हणाले, "बारसं व्हयनं नही. नाव नही. ज्यानं नाव नही तेले हाक कशी मारानी?"

माझा ताबा सुटला. मी म्हणाले, मग तुम्ही शेवटचा घास टाकता तो कुणाला? त्यांना कुठं नावं आहेत? आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तेस्ले नावे व्हतात," ते म्हणाले. "आपलेले माहीत नहीत, हाई आपली चूक. तिले नावच नही."

मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, आणि माझा शाळा सोडलेला बाप मला माहीत नसणं आणि नसणं यातला फरक शिकवत होता. मी आणखी चिडले. तुमचं मन दगडाचं आहे, असं काहीतरी बोलले आणि न जेवता मागच्या दाराने निघून गेले. संध्याकाळी भूक लागल्यावर परत आले, तेव्हा मायनेच माझ्यापुढे ताट ठेवलं. ती मला रागावली नाही. तिने पुन्हा कधी आबांना विचारलंही नाही, आणि ते मात्र माझ्यामुळे झालं असं मला वाटत राहिलं. एकदा खाजगीतलं दुःख लेकीदेखत मांडून नकार घेतला की माणूस दुसऱ्यांदा हात पुढे करत नाही.

मी लग्न होऊन धुळ्याला आले, तिथंच कॉलेजात शिकवू लागले. आखाजीला माहेरी जाणं चुकलं नाही, खानदेशातल्या लेकींचं ते चुकतच नाही. दरवर्षी आबा चार नावं घ्यायचे, शेवटचा घास टाकायचे, आणि मी मायकडे बघणं टाळायची. एका वर्षी आबांनी रावेरकडच्या पाहुण्यांच्या बागेतला केळीचा एक घड आणून माजघरात टांगला. घरची बाग भरलेली असताना बाहेरून केळी आणणारा माणूस म्हणून भावाने त्यांची खूप टर उडवली.  मायने तो घड पिकल्यावर शेजारीपाजारी वाटून टाकला.

एकदा स्टाफरूममध्ये वनस्पतिशास्त्राच्या एका बाईंशी बोलता बोलता मला कळलं की मी तेव्हा चुकीचंच सांगितलं होतं. झाडाचं अंग मातीतून बनत नाही हो, त्या म्हणाल्या. हवा आणि पाणी, त्यातूनच सगळं. मातीतून चिमूटभर क्षार घेतं झाड. हे तर मला शाळेतही शिकवलेलं होतं! विश्वाची पहिली मिनिटं पाठ असलेली मी सातवीतलं विज्ञान विसरले होते. मी त्याच शनिवारी बस पकडली. इतकी घाई मी कुठल्याच परीक्षेला केली नसेल. मायला सांगायचं होतं की केळात ती नाही, माझी चूक झाली, तू खा.

मायने शांतपणे ऐकून घेतलं. ती शेंगा फोडत बसली होती. "तवय माती म्हने, आते हवा म्हनस," ती म्हणाली. "तुमनं एकदाव नक्की व्हई जावू दे, मंग मी केळ खासू." मला हसू आलं, तिलाही आलं. आता जमलं, असं मला वाटलं. तेवढ्यात तिने विचारलं, "मातीमाईन काहीच नही येत?"

खोटं बोलायला हवं होतं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर बोलली असती. पण वर्गात उभं राहून राहून जिभेला एक खोड लागते. मी म्हणाले, "येतं. थोडं."

"थोडं?"

"अगदी थोडं."

"मंग थोडं बी नको, माय," ती मलाच माय म्हणाली आणि शेंगा फोडू लागली. मी दुसऱ्या दिवशी धुळ्याला परत आले. त्यानंतर मी तिला शास्त्रातलं काही सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

नव्वदच्या दशकात आबांना दुखणं लागलं. डॉक्टर धुळ्यात, म्हणून ते माझ्याकडे येऊन राहिले. माय घर आणि गुरं सोडून येईना, आठ-पंधरा दिवसांनी येऊन भेटून जायची. उन्हाळा होता. मी सकाळचं कॉलेज करून घरी आले की आबांना पेज द्यायची आणि कूलरसमोर त्यांच्या पलंगापाशी उत्तरपत्रिका तपासत बसायची. आयुष्यभर आम्ही दोघं एका खोलीत इतका वेळ बसलो नव्हतो. एका दुपारी त्यांनी विचारलं, "तू काय शिकाडस पोरेस्ले? माले बी सांग एकदाव."

तोवर माझी पोतडी पुष्कळ रिकामी झाली होती. मी बेताबेताने सांगितलं. सगळं जवळ होतं, तापलेलं होतं, पसरत गेलं, निवत गेलं. दुर्बिणीतून लांबचं बघायचं म्हणजे जुनं बघायचं, कारण तिकडचा उजेड आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो. पण त्यालाही एक हद्द आहे. सुरुवातीच्या त्या लाखो वर्षांत नुसतं धुकं होतं, त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. हिवाळ्यात तापीवर पहाटे धुकं पडलं की पलीकडचा काठ दिसत नाही, तसं.

"तेना पल्याड दखात नही?"

"नाही."

"मंग व्हतं, असं कसं म्हनतस तुम्ही?"

हा प्रश्न माझ्या वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "त्याची ऊब अजून आहे, आबा. कुठंही बघा, सगळीकडून सारखीच येते. फार थोडी, मोजायला यंत्र लागतं. पण इतकी जुनी ऊब अजून विझलेली नाही, म्हणून आम्ही म्हणतो की होतं."

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मी पुढची उत्तरपत्रिका उघडली.

"तिले नेवानी तवय गोधडीमा ऊबच व्हती," ते म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं.

"माले वाटनं जित्ती शे. दोन डाव रस्तामा थांबनू. दोन डाव उघाडी दखं." त्यांनी तळहात छातीवर ठेवला. मुलगी तशी धरली होती, हे दाखवायला असेल. मग त्यांनी सांगितलं. पहिल्या आखाजीला माय बोलली तेव्हा ते नाही म्हणाले, कारण तसंच करायचं असतं असं त्यांना ठाऊक होतं. पण नावं संपल्यावर शेवटचा घास उचलला आणि हात थांबला. तोंडाने नेहमीचंच म्हणाले आणि मनात म्हणाले, तुले. तेव्हापासून दरवर्षी तो घास तिचाच होता. "बाकी कोन शे माले, ज्यानं नाव माहीत नही?"

"मग मायला का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडले. आजारी माणसाशी असं बोलू नये, पण मला फार राग आला होता. इतकी वर्षं ती मागे बसून रडं गिळत होती, मी त्यांना दगड म्हणाले होते, आणि दोन शब्दांत संपणारी गोष्ट यांनी पोटात ठेवली होती.

"एकदाव नही म्हनं ना," आबा म्हणाले. एवढंच कारण होतं. एकदा नाही म्हटलं होतं. मग ते म्हणाले, "आन ती बी रडती, मी बी रडतू. तठे चूलपुढे, पोरेस्ना देखत." मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि मायला सांगायचं नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल केलं. पावसाळा सरता सरता आबा गेले.

माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला त्याची घागर भरतात. मायने नवी घागर आणली होती, तिच्या गळ्याला सूत गुंडाळलं, वर खरबूज आणि सांजोरी ठेवली. आबांच्या पाटावर भाऊ बसला. त्याने सगळी नावं मायकडून विचारून एका कागदावर लिहून घेतली होती, चुकायला नको म्हणून. निखारे ओढले, तूप सोडलं आणि त्याने पहिलं नाव घेतलं ते आबांचं. माय हलली नाही. मग आजोबांचं, मग पणजोबांचं. कागद बघत बघत तो विहीर खणणाऱ्या माणसापर्यंत पोचला. त्यांच्या नावाचा पाचवा घास टाकला, पाण्याचा हात फिरवला आणि उठायला लागला.

"अजून एक राहिला," मी म्हणाले.

भावाने बोटांवर मोजलं. "पाच व्हयनात ना. आबा पाचच टाकेत." त्याचं खोटं नव्हतं. आबा पाचच टाकायचे, चार नावांचे आणि एक बिननावाचा. आता आबांचंच नाव पुढे येऊन बसलं होतं आणि पाच भरले होते. भावाला त्या शेवटच्या घासाचं काही माहीत नव्हतं. तो लहानपणापासून मागे बसून मोजत आला होता, ऐकत नव्हता. मी बघत होते आणि मला समजत होतं की आत्ता मी गप्प बसले तर ती मुलगी या घरातून कायमची जाईल, आणि तिला घालवणारं नाव तिच्या बापाचं असेल.

मी आबांना दिलेला शब्द मोडला. मायच्या शेजारी बसून, धुरामुळे की कशामुळे डोळे पुसत, मी सगळं सांगितलं. धुळ्याची दुपार, गोधडीतली ऊब, दोनदा थांबणं. शेवटचा घास कुणाचा होता, आणि कधीपासून. भाऊ पाटाजवळ उभा राहून ऐकत होता. त्यालाही आधी एक बहीण होऊन गेली हे त्याच क्षणी कळत होतं. सांगून झाल्यावर मी मायच्या तोंडाकडे बघितलं. तिला हवं ते मिळालं होतं, दरवर्षी मिळत आलं होतं. आता ती रडेल आणि मोकळी होईल, असं मला वाटलं.

माय रडली नाही.

भाऊ खाली वाकला. "टाकू का आते? निखारा शे अजून," त्याने हळूच विचारलं.

"ऱ्हावू दे," माय म्हणाली. ती चुलीकडेच बघत होती. मग तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता अशा कोरड्या आवाजात ती बोलली, "तीस वरीस बापलेक आठे बठीसन संगे जेवनात. मी मांगे दोन हातवर बसेल व्हती. माले कोनीच बलावं नही."